हार्डी 'परफेक्ट' ३ ३/८ इंच: जुनं फ्लाय रीळ पारखायचं कसं?

नदीकाठ

गरवायला जाणारे या गटात पुष्कळ आहेत. खाडीत कोळंबी लावून बसणारे आहेत, तलावावर कणकेच्या गोळीने रोहू काढणारे आहेत. फ्लाय फिशिंग करणारे मात्र मोजकेच, आणि जुन्या फ्लाय रिळांबद्दल मराठीत सलग लिहिलेलं मला कुठे मिळालं नाही. गेल्या वर्षी इथल्या एका लिलावात मी हार्डी परफेक्ट घेतलं. आता ते पुरेसं वापरून झालं आहे, तेव्हा मनापासून सविस्तर लिहिते.

ज्यांनी फ्लाय कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी थोडंसं. नेहमीच्या गरवण्यात वजन शिशात असतं आणि ते शिसं दोरीला ओढत नेतं. फ्लाय म्हणजे आकड्यावर बांधलेली पिसं आणि दोरा, तिला वजन जवळजवळ नसतंच. इथे वजन असतं ते जाड दोरीला. ती दोरीच हवेत मागेपुढे खेळवून फेकायची. त्यामुळे फेकीत रिळाचा भाग नाही. दोरी साठवायची, मासा पळाला की सोडायची, पुन्हा गुंडाळायची, एवढंच त्याचं काम. एवढंसंच काम असल्यामुळे ते किती चांगलं केलं आहे हे लपून राहत नाही.

मी न्यूकॅसलला राहते. हे रीळ जिथे बनलं ते अल्निक गाव इथून उत्तरेला, गाडीने तासाभराच्या आत. विल्यम हार्डी यांनी १८७२ मध्ये तिथे बंदुका आणि हत्यारांचं दुकान काढलं, भाऊ सोबत आले, आणि हळूहळू मासेमारीच्या सामानाने बंदुकांना मागे टाकलं. परफेक्टचं पेटंट १८८८चं. त्यातली मुख्य कल्पना अशी की ड्रम नुसत्या आसावर घासत फिरण्याऐवजी बॉल बेअरिंगवर फिरावा. सुरुवातीची रिळं सबंध पितळी होती, मग पितळी दर्शनी भाग आणि हलक्या मिश्रधातूचा ड्रम, आणि पुढे जवळजवळ सगळंच अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं. आतला खटका, म्हणजे ड्रम फिरताना कर्रर वाजणारा भाग, कंपनीने अनेकदा बदलला. १९१७च्या सुमारास जो आला तो 'डुप्लिकेटेड मार्क टू', आणि तोच पुढे टिकला. माझ्या रिळावर हेच शब्द कोरलेले आहेत. पायाची पट्टी, म्हणजे रीळ काठीला बसवायची पट्टी, पितळी आणि कंगोरे असलेली आहे, त्यावरून ते दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं असावं.

आता मुद्द्याचं. जुन्या रिळांच्या जाहिरातींत 'सुंदर', 'गुळगुळीत फिरतं', 'संग्राह्य' हे शब्द असतात. या तिन्हींवरून रीळ चांगलं की वाईट ते कळत नाही. रंग उडालेलं परफेक्ट उत्तम चालू शकतं आणि नव्यासारखं चकाकणारं आतून झिजलेलं असू शकतं. मी तीन गोष्टी बघते: फट, बॉल बेअरिंगचे छर्रे आणि खटका.

फट म्हणजे ड्रम आणि बाहेरची चौकट यांच्यामधली जागा. ही नीट नसेल तर दोरीच्या टोकाचं, फ्लाय बांधायचं बारीक नायलॉन ऐन वेळी त्या फटीत शिरतं, ड्रमच्या मागे जाऊन अडकतं आणि तुटून मासा जातो. मी ट्राउटसाठी वापरते ते ५एक्स नायलॉन साधारण ०.१५ मिलिमीटर जाडीचं. त्याचं टोक दोन बोटांत धरून फटीच्या कडेने सबंध गोल फिरवायचं आणि हलकेच आत ढकलायचं. कुठे आत जातंय का? माझ्या रिळात ते कुठेच शिरलं नाही. दुसऱ्या हाताने ड्रम सावकाश फिरवत पाहिलं, तरी नाही. फट फिरताना रुंद-अरुंद होत नाही याचा अर्थ ड्रम अजूनही मध्यावर आहे. इतक्या वर्षांच्या वापरानंतर हे टिकतं याचं श्रेय छऱ्यांना. भार एका बारीक आसावर न येता मध्याभोवतीच्या चाकोरीवर वाटला जातो.

छऱ्यांसाठी खटक्याचा दाब शक्य तितका कमी करायचा, रीळ कानाजवळ धरायचं आणि मूठ अगदी सावकाश फिरवायची. कोरडे छर्रे किरकिरतात, वाळूचा कण असेल तर एका ठरावीक जागी बोटाला खडा लागल्यासारखं जाणवतं. मग ड्रम दोन्ही बाजूंनी धरून आत-बाहेर हलवून बघायचा. कणभर हालचाल चालते. टक्क आवाज आला तर चाकोरी झिजली आहे.

खटका सगळ्यात रंजक, आणि त्याच्याबद्दलचा गैरसमजही सगळ्यात मोठा. आत एक दातेरी चाक आहे, त्यावर स्प्रिंगने टेकलेली जिभली, आणि कडेचा एक स्क्रू फिरवून स्प्रिंगचा दाब कमी-जास्त करता येतो. ड्रम फिरला की कर्रर आवाज होतो. नव्या रिळांवरून इकडे येणारे लोक या खटक्याला ब्रेक समजतात आणि मग 'ब्रेक कमजोर आहे' म्हणतात. त्याचं पहिलं काम वेगळं आहे. मासा झटका देऊन पळतो आणि अचानक थांबतो, तेव्हा ड्रम स्वतःच्या वेगाने फिरतच राहतो आणि दोरीचे वेढे सैल पडून गुंता होतो. तो गुंता होऊ न देणं हे खटक्याचं काम. मासा थकवायचं काम काठीचा बाक, पाण्यातली दोरी आणि तुमची बोटं यांचं.

कोकेट नदीवर संध्याकाळी सी ट्राउटवर मी हे रीळ वापरते. ही ट्राउट समुद्रात मोठी होऊन नदीत परत येते, आणि तिची पहिली धाव फार जोराची असते. जूनमधली एक गोष्ट सांगते. मासा खाली वाहत्या धारेला पळाला, दोरी संपून बॅकिंग, म्हणजे तिच्यामागे जोडलेली बारीक राखीव दोरी, सुरू झालं, आणि मग तो एका दगडाआड अचानक थबकला. मी ड्रमकडे पाहिलं तर वेढे जसेच्या तसे घट्ट बसलेले. त्या एका क्षणात या रिळाचं मोल कळतं.

हँडल थेट फिरणाऱ्या दर्शनी तबकडीवर बसवलेलं आहे, वेगळा दांडा नाही. त्यामुळे फेकताना हातातली सुटी दोरी अडकायला बाहेर आलेलं दुसरं काही नाही. तबकडी आणि चौकट एका पातळीत इतक्या जुळलेल्या की डोळे मिटून त्यावरून नख फिरवलं तर जोड जेमतेम लागतो.

एक उणीव आहे. पायाच्या पट्टीचा एक स्क्रू कोणीतरी बदललेला आहे आणि तो नीट बसत नाही. त्यावर उपाय सुचवलात तर बरं होईल.

टर्नर_भोसरी

नदीकाठताई, लेख आवडला. मासेमारीतलं मला फारसं कळत नाही, पण टूलरूममध्ये आयुष्य गेलं आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो.

फटीची तुमची चाचणी योग्य आहे. वर्कशॉपच्या भाषेत तुम्ही रनआउट, म्हणजे फिरताना कड मध्यापासून किती हलते ते, तपासताय, फक्त मोजायच्या डायलऐवजी नायलॉन वापरून. डायल मिळाला तर चौकट पक्की धरून सुई ड्रमच्या कडेवर टेकवा आणि एक फेरा फिरवा, आकडाच मिळेल. पण सुई बाहेरून टेकवताना छऱ्यांची ढिलाईही त्यात मिसळते, म्हणून ड्रम एका बाजूला हलकेच दाबून धरा आणि मग फिरवा.

मला मात्र एका गोष्टीवर तुमच्याकडून अजून ऐकायचं आहे. त्या काळच्या अशा वस्तूंमध्ये ओतीव भाग लेथवर कातायचे आणि मग फिटर एकेक जोडी हाताने बसवायचा. म्हणजे या रिळाचा ड्रम त्या रिळात बसेलच असं नाही. हे खरं असेल तर त्याला कारागिरी म्हणून डोक्यावर घ्यावं का, असा माझा प्रश्न. आमच्याकडे उत्तम काम तेच, ज्यात शंभरातला कुठलाही भाग उचलला तरी बसतो. फिटरला कानस हातात घ्यावी लागली तर आधीचं काम चुकलं असं आम्ही मानतो.

नदीकाठ

टर्नरदादा, प्रश्न अगदी मर्मावर आहे. हो, जुन्या परफेक्टचे ड्रम सरसकट अदलाबदल करता येत नाहीत. एकाच मापाची दोन रिळं शेजारी ठेवून पाहिली आहेत, एकाचा ड्रम दुसऱ्यात गेला पण घासत होता. आत कारागिराची आद्याक्षरं ठोकलेली असतात, म्हणजे रीळ ज्याने जुळवलं त्याची त्यावर सही असते. जास्तीचा ड्रम हवा असेल तर तो त्या रिळाबरोबरच बनवून घेतलेला असला पाहिजे.

तुमच्या कसोटीवर ही उणीव आहे आणि मी ती नाकारत नाही. पण दुसरी बाजू बघा. अल्युमिनियमच्या ओतीव भागात, त्या काळच्या यंत्रांवर, सुट्ट्या भागांना इतकी बारीक फट शेकडो रिळांत सारखी ठेवणं कठीण होतं. त्यांनी अदलाबदल सोडली आणि फट राखली. नदीवर मला फट लागते, अदलाबदल लागत नाही. निवड त्यांनी ग्राहकाच्या बाजूने केली असं मला वाटतं.

हडसनचा

न्यूयॉर्क राज्यातून लिहितोय. परफेक्टचं कौतुक ऐकून आनंद झाला, पण अटलांटिकच्या अलीकडची गोष्टही या धाग्यात यायला हवी, नाहीतर सगळं हार्डीपासूनच सुरू झालं असं वाटेल.

व्हरमाँटमधल्या मँचेस्टर गावच्या चार्ल्स ऑर्व्हिस यांनी १८७४ मध्ये उभ्या, अरुंद ड्रमच्या रिळाचं पेटंट घेतलं. दोन्ही बाजूंना भरपूर भोकं पाडलेली. त्या वेळी दोरी रेशमाची असायची आणि भिजल्यावर सुकवली नाही तर कुजायची, म्हणून भोकं वजन कमी करण्याबरोबर हवा खेळवण्यासाठीही होती. परफेक्टच्या ड्रमवरची भोकंही त्याच विचारातली. अरुंद ड्रमचा आणखी एक फायदा: दोरी एकावर एक चढत जाते आणि व्यास लवकर वाढतो, म्हणून एका फेऱ्यात जास्त दोरी आत येते.

दुसरं नाव एडवर्ड व्हॉम होफ. काळ्या कडक रबराच्या बाजू, जर्मन सिल्व्हरच्या कडा, आणि इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला हँडलचा दांडा. सामन माशासाठीची त्यांची रिळं मी हातात घेतली आहेत. दिसायला परफेक्टपेक्षा कितीतरी देखणी. आणि त्यांच्यात खराखुरा ब्रेक आहे, घर्षणाचा, पायऱ्यापायऱ्यांनी वाढवता येणारा. पुढे न्यू हॅम्पशायरच्या स्टॅन बॉगडन यांनी तोच विचार नेऊन दोन बुटांचा ब्रेक घातला, मोटारीच्या ड्रम ब्रेकच्या धर्तीवर.

म्हणजे 'खटका ब्रेक नाही, तसा हेतूच नव्हता' हे तुमचं म्हणणं खरं असलं तरी त्याच काळात दुसरीकडे लोक ब्रेक बनवत होते. हार्डीने तो परफेक्टमध्ये घातला नाही ही त्यांची मर्यादा म्हणायला हवी की नाही?

नदीकाठ

हडसनचा, ऑर्व्हिसची आठवण काढलीत हे फार छान केलंत. १८७४ ते १८८८ हा प्रवास नीट लिहिला गेला पाहिजे.

ब्रेकबद्दल हिशेब मांडते. खटक्याचा दाब ठरावीक असतो, म्हणजे ड्रम फिरवायला लागणारा पीळ साधारण तोच राहतो. पण दोरीवर जो ताण येतो तो गुंडाळीच्या व्यासावर ठरतो. समजा भरलेल्या रिळावर गुंडाळीचा व्यास ७ सेंटिमीटर आहे. एका फेऱ्यात सुमारे २२ सेंटिमीटर दोरी सुटते. मासा पळत राहिला आणि व्यास साडेतीनवर आला की एका फेऱ्यात ११ सेंटिमीटर सुटते, आणि त्याच खटक्याचा ताण दुप्पट होतो. शिवाय जितकी दोरी पाण्यात तितकी पाण्याची ओढ वाढते. लहान मध्य असलेल्या जुन्या रिळात मासा जितका लांब जाईल तितका तो आपोआप जास्त ओझं ओढतो. परफेक्टवर खटका जोरात आवळला तर हे गणित उलटतं: सुरुवातीला ठीक वाटतं आणि शेवटी, मासा सर्वांत लांब असताना, नायलॉन तुटतं.

म्हणून ट्राउट आणि सी ट्राउटपुरतं हार्डीचं उत्तर मला पुरेसं वाटतं. मोठ्या सामनसाठी व्हॉम होफ किंवा बॉगडन जास्त योग्य, हे मान्य.

वळवणकर

लोणावळ्याहून. महाशीरचा विषय काढल्याशिवाय राहवत नाही. इथे वळवणच्या तलावाकाठी टाटांचं महाशीर पैदास केंद्र आहे, दख्खनी महाशीरची लाखो पिल्लं इथून नद्या-तलावांत गेली. त्यामुळे हा मासा आमच्या घरचा.

ब्रिटिश काळात महाशीरसाठी म्हणून इंग्लंडहून काठ्या-रिळं हिंदुस्थानात यायची, त्यात हार्डीचं सामान भरपूर. आमच्या ओळखीतल्या एका घरात अजून मोठ्या मापाचं परफेक्ट आहे, मी ते फिरवून पाहिलं आहे. पण महाशीरची पहिली धाव ट्राउटसारखी नसते. तो दगडधोंड्यांतून, फेसाळ पाण्यातून खालच्या डोहाकडे सरळ सुटतो, आणि वाटेत थांबत नाही. काबिनी नदीत १९४६ मध्ये १२० पौंडांचा मासा काठीवर निघाल्याची नोंद आहे. अशा माशापुढे तुमच्या ३ ३/८ इंची रिळात दोरी तरी किती मावणार?

एक विनंतीही आहे. धागा वाचून कोणी उत्साहाने निघालं तर परवाना आणि जागा दोन्ही आधी तपासा. महाडजवळ वाळणकोंडीत, देहूला इंद्रायणीत हे मासे देवाचे म्हणून राखलेले आहेत. तिथे काठी न्यायचीसुद्धा नाही.

नदीकाठ

वळवणकर, विनंतीला माझं पूर्ण अनुमोदन.

महाशीरसाठी हे माप नाहीच. परफेक्ट २ ५/८ पासून ५ इंचापर्यंत बनायचं, मोठी मापं सामन आणि तशाच माशांसाठी. मोठ्या मापात दोरी भरपूर मावते, पण तुम्ही म्हणता तशी न थांबणारी धाव असेल तर बोटांनी आवरणं अवघड आहे. परफेक्टचा ड्रम चौकटीच्या आत असतो. आधुनिक रिळात ड्रमची कडा बाहेर असते आणि तिच्यावर तळहात टेकवून ब्रेक लावता येतो, इथे ती सोय नाही. दर्शनी तबकडीवर बोटं टेकवायची किंवा दोरीच बोटांतून सोडायची, एवढंच. फिरतं हँडल बोटांवर बसलं तर चांगलंच लागतं.

त्या ओळखीच्या घरातल्या रिळावर खटका नीट वाजतो का? आणि दोरी जिथून आत येते तिथली नालेसारखी पट्टी बघा. दोरीने तिच्यावर चरे पाडले असतील तर रीळ खूप वापरलेलं आहे. ट्राउटच्या काही जुन्या परफेक्टवर तिथे अगेटची, म्हणजे अकीक दगडाची, कडी असते. अगेटला तडा गेलेला डोळ्यांना पटकन दिसत नाही, पण कापसाचा बोळा फिरवला की धागे अडकतात. तसं असेल तर त्यावर दोरी चढवू नका, ती सोलून निघेल.

तीर्थनवाली

मी हिमाचलात, तीर्थन खोऱ्यात आहे. ब्राऊन ट्राउट, कधीमधी रेनबो. नवरा आणि मी दोघंही फ्लायवर. आम्ही बंद डिस्क ब्रेकची आधुनिक रिळं वापरतो आणि त्यामागे ठोस कारण आहे, ते इथे मांडते.

उन्हाळ्यात वरचं बर्फ वितळलं की पाण्यात बारीक गाळ येतो. हातावर घेतलं तर पिठासारखा लागतो. पाण्यात उतरून उभं राहिलं, एकदा तोल गेला, रीळ बुडलं की तो गाळ प्रत्येक फटीत शिरतो. उघड्या छऱ्यांच्या चाकोरीत तो गेला तर? आमच्या बंद रिळाला काही होत नाही, नळाखाली धरलं की झालं. कारागिरी कितीही सुंदर असली तरी नदी कुठली यावर रीळ ठरतं असं माझं मत आहे.

नदीकाठ

तीर्थनवाली, तुमच्या नदीवर मीही बंद रीळच नेईन. कोकेटच्या तळाशी गोटे आणि खडी आहे, पाणी पावसानंतर तांबूस होतं पण पिठासारखा गाळ नसतो. परफेक्ट याच प्रकारच्या नद्यांकाठी जन्मलं.

फक्त एक गोष्ट तराजूत टाका. तुमच्या बंद ब्रेकमध्ये उद्या बिघाड झाला तर तो उघडून दुरुस्त करता येतो का? बहुतेक वेळा कंपनीकडे पाठवावा लागतो किंवा अख्खा भाग बदलावा लागतो, आणि ते मॉडेल बंद झालं की भागही बंद. माझ्या रिळात काय बिघडू शकतं? स्प्रिंग, जिभली, छर्रे. तिन्ही गोष्टी बघून तशा बनवता येतात. गाळ गेला तर उघडायचं, रॉकेलमध्ये धुवायचं, पुसायचं, वंगण द्यायचं.  बनवणाऱ्याने बिघाड गृहीत धरून रीळ उघडता येईल असं ठेवलं आहे. मला यात खूप माया दिसते, जो माणूस आपल्याला कधी भेटणार नाही त्याच्या गैरसोयीचा विचार कोणीतरी अल्निकमध्ये बाकावर बसून केला.

सोनचाफा

सगळा धागा सलग वाचला. मी स्कॉटलंडमध्ये नोकरीला आले आहे आणि फ्लायचे धडे नुकतेच सुरू केलेत. जुनं परफेक्ट घ्यायचा मोह होतोय. घेताना फसू नये म्हणून अजून काय बघू? आणि डाव्या हाताने गुंडाळायची सवय लागली आहे, ते चालेल ना?

नदीकाठ

सोनचाफा, आधी हाताचं. परफेक्ट उजव्या हाताचं किंवा डाव्या हाताचं असं वेगवेगळं बनायचं, एकाचं दुसऱ्यात रूपांतर होत नाही. जुन्यांत उजव्या हाताची जास्त सापडतात. डाव्या हाताचं मिळेपर्यंत थांबा. विकणारा 'सहज बदलता येईल' म्हणाला तर पुढे निघा.

पायाची पट्टी नीट बघा. काठीच्या कडीत बसावी म्हणून पूर्वीच्या मालकांनी ती कानशीने घासलेली असते. त्याने वापरात अडत नाही, किंमत मात्र उतरते, तेव्हा घासलेली असेल तर भाव करा. हँडल पिवळसर हस्तिदंतासारखं किंवा काळं असतं, हस्तिदंतासारख्या दिसणाऱ्याला तडे जातात, ते जागेवर डुगडुगत असेल तर नको. पडलेलं रीळ ओळखायचं तर चौकटीची कड सपाट काचेवर टेकवा. डुललं तर चौकट वाकलेली आहे, आणि वाकलेली चौकट सरळ करणं फार थोड्यांना जमतं.

रंगाची काळजी करू नका. मूळचा गडद शिशासारखा रंग उडालेला असतोच. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराची काही रिळं तर तो रंग न देताच, नुसत्या चंदेरी धातूची बाहेर पडली, लोक त्यांना 'स्पिटफायर' म्हणतात. नव्याने रंगवलेलं रीळ मात्र संशयाने बघा, रंगाखाली भरलेले तडे असू शकतात.

आणि विकणाऱ्यासमोर उघडू नका. दर्शनी तबकडी काढली की छर्रे सुटे असतात, टेबलावरून घरंगळले की एखादा सापडत नाही. घरी थाळीत टॉवेल पसरून त्यावर उघडा.

सोनचाफा

मनापासून आभार. दोरी कुठली? जुन्या कॅटलॉगमध्ये एचडीएच वगैरे अक्षरं आहेत, ती कळत नाहीत.

नदीकाठ

ती रेशमी दोरीची जुनी पद्धत आहे, अक्षरं जाडी सांगतात. एचईएच म्हणजे आजची डबल टेपर (दोन्ही टोकांना निमुळती) ५ नंबरच्या दोरीच्या जवळपास, एचडीएच म्हणजे ६, एचसीएच म्हणजे ७. रेशीम त्याच वजनाच्या प्लास्टिक दोरीपेक्षा बारीक असतं, त्यामुळे कॅटलॉगमध्ये जितकी दोरी मावेल असं लिहिलंय तितकी आजची मावणार नाही. बॅकिंग कमी करा. काठोकाठ भरू नका, वेढे चौकटीला घासायला लागले की फटीचं सगळं काम वाया.

वजनाचंही बघा. परफेक्ट आजच्या त्याच मापाच्या रिळापेक्षा जड आहे. हलक्या ग्रॅफाइट काठीवर ते मागे ओढतं. बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून केलेल्या जुन्या काठीवर, जिचं टोक स्वतःच जड असतं, तिथे तोल बरोबर जमतो. तुमची काठी ग्रॅफाइटची असेल तर आधी दुकानात लावून, हातात धरून बघा.

टर्नर_भोसरी

नदीकाठताई, स्क्रूचं राहिलं. कृपा करून हाताला येईल तो मेट्रिक स्क्रू पिळून बसवू नका. जुन्या ब्रिटिश बारीक कामात बीए (ब्रिटिश असोसिएशन) मापाचे आटे फार दिसतात. त्यांचा कोन साडेसत्तेचाळीस अंशांचा, मेट्रिकचा साठ. मापं इतकी जवळ असतात की मेट्रिक स्क्रू दोन-तीन आटे सुखाने जातो आणि मग भोकातले मऊ धातूचे आटे खरवडून टाकतो. तुमचा बसवलेला स्क्रू नीट का बसत नाही याचं कारण बहुधा हेच असेल.

न बदललेला दुसरा स्क्रू काढा. कॅलिपरने बाहेरचा व्यास घ्या, दहा आट्यांची लांबी घ्या आणि दहाने भागा. २ बीए असेल तर व्यास ४.७ मिलिमीटर आणि पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ०.८१ यायला हवं. मेट्रिक ५ चं पिच ०.८ आहे, म्हणजे पिचवरून फसगत होते, व्यास बघूनच ठरवा. लहान निघाला तर ४ किंवा ६ बीए पडताळून बघू. डोक्याचा उतार आणि उंचीही लिहा, पट्टीच्या वर डोकं राहिलं तर काठीच्या कडीत पट्टी बसणार नाही. आकडे मिळाले की पितळी स्क्रू कातून पोस्टाने पाठवतो.

नदीकाठ

टर्नरदादा, केवढी मोठी मदत! रविवारी दोन्ही स्क्रू काढून मोजते आणि आकडे इथेच टाकते. भोकातले आटे किती शाबूत आहेत हे भिंगातून पाहून तेही लिहिते. खरवडलेले निघाले तर नवा स्क्रू जरा मोठ्या मापाचा करायचा की भोक भरून पुन्हा आटे पाडायचे, हे तुम्हीच सांगा.

टर्नर_भोसरी

मोठ्या मापाचा नको, पट्टीतलं भोकही मोठं करावं लागेल. आधी आकडे येऊ द्या.